सहीआधीचा वेळ

परवा फोनवर तू म्हणालीस, ‘ताई, दिवस कुठं जातो तेच कळत नाही.’ पुढं बोलायच्या आत दारातून कोणीतरी ‘सरपंच आहेत का घरात?’ म्हणून हाक मारली आणि तू फोन ठेवलास. म्हणून लिहितेय. मी स्वतः पाच वर्षं सरपंच होते. नंतरही आसपासच्या गावांतल्या नव्या सरपंच बायकांबरोबर उठबस राहिली, तेव्हा हे सगळं जवळून बघितलेलं आहे. तुला वेळापत्रक आखून देणार नाही. गाव वेगळं, घर वेगळं, ते तुझं तुलाच बसवावं लागेल. पण वेळ कुठून गळतो आणि कुठं तो अजिबात वाचवायचा नसतो, एवढं नीट सांगते.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की धर. बाईच्या हातून सरपंचपद फक्त अविश्वास ठरावानं जात नाही. ते जातं ‘मला आत्ता वेळ नाही, तुम्हीच जरा बघा’ या वाक्यानं. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, की नवरा, दीर, सासरे किंवा पॅनलप्रमुख ‘बघायला’ लागतात. सहा महिन्यांत गाव तुला नमस्कार घालतं आणि काम त्यांना सांगतं. 73 व्या घटनादुरुस्तीनं 1993 पासून आपल्याला एकतृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या. खुर्ची कायद्यानं दिली, त्या खुर्चीत बसायला लागणारा वेळ मात्र कोणी दिला नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी 289 मिनिटं बिनपगारी घरकामात गेलेली दिसतात, पुरुषांची 88. म्हणजे पुरुष सरपंचाकडं रोज तीन तासांहून जास्त वेळ असा असतो, जो तुझ्याकडं मुळातच नाही. तेव्हा ‘आपल्याला जमत नाही’ असं मनाला लावून घेऊ नकोस. तुझी सुरुवातच कमी वेळावर झालेली आहे.

आता तुझी सकाळच बघ. सात वाजल्यापासून माणसं यायला लागतात. आलेल्याला चहा पाजल्याशिवाय पाठवायचं नाही ही आपली रीत. मग तू आत जातेस, गॅस पेटवतेस, कप विसळतेस, आणि बाहेर ओसरीवर नवरा बसलेला असतो. आलेला माणूस काही चहाची वाट बघत गप्प बसत नाही. गटार कुणाच्या दारावरून काढायचं, खांब कुठं रोवायचा, हे सगळं तुझा चहा उकळेपर्यंत बोलून होतं. तू ट्रे घेऊन बाहेर येतेस तेव्हा ‘ठरलं आपलं’ एवढंच कानावर पडतं. यात नवऱ्याचा डाव असतोच असं नाही, भला माणूसही सहज बोलून जातो. पण कायद्यानं तुझ्या नवऱ्याला पंचायतीच्या कामात कसलाही अधिकार नाही, आणि त्यानं दिलेल्या शब्दाची जबाबदारी मात्र तुझ्या डोक्यावर येते. घरी गावाचं काम घ्यायचं नाही, असं मी म्हणते ते एवढ्याचसाठी. घरात तू सून असतेस, बायको असतेस. पंचायतीच्या कार्यालयात चहा शिपाई आणतो आणि तू टेबलाच्या मागं बसलेली असतेस.

म्हणून कार्यालयात बसायचे वार आणि तास ठरव, आणि ते दारावर पाटी लावून गावाला सांग. कोणते वार, हे ग्रामसेवकाच्या वारांवरून ठरव. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. बऱ्याच ठिकाणी एकाच अधिकाऱ्याकडं दोन-तीन गावं असतात आणि आठवड्यातले ठरावीक दिवसच ते आपल्या गावात असतात. ते नसलेल्या दिवशी तू चार तास बसलीस तरी कागद हलत नाही. ते असतील त्या दिवशी दोनच तास बस, पण तू आणि ते एका टेबलाशी, कपाट उघडं, रजिस्टर समोर. महिनाभर गाव कुरकुर करेल. ‘सरपंच झाली नि भेटंना झाली’ असंही ऐकायला येईल. ऐकून घे, पण ठरलेल्या वेळेला न चुकता हजर राहा. माणसाला एकदा खात्री पटली की बुधवारी दहाला बाई खुर्चीत असणारच, की तो मंगळवारी रात्री दार वाजवत नाही.

याला अपवाद असतात, आणि ते तू आधीच घरात सांगून ठेव. बाळंतीण अडलेली आहे, अपघात झालाय, आग लागलीय, पाण्याची मेन लाइन फुटलीय, एखाद्या बाईवर हात उगारला गेलाय, अशा वेळी रात्री दोनलाही दार उघडायचं. 108 ला रुग्णवाहिकेसाठी आणि 112 ला पोलिसांसाठी फोन लावायला मात्र तुझी वाट बघायची गरज नाही, हे आशाताईंना, अंगणवाडी सेविकेला आणि वाडीवस्तीवरच्या दोन-चार जणींना सांगून ठेव. बाकी गटार, दिवा, दाखला, बांधाचं भांडण, हे सगळं ठरल्या वेळेला.

दुसरी गळती अशी, की येणारी निम्मी कामं पंचायतीची नसतातच. सातबाऱ्यावरची नोंद तलाठ्याकडं होते. रेशनकार्डात नाव चढवायचं ते तहसीलच्या पुरवठा शाखेत. संजय गांधी निराधारचं प्रकरण तहसील कार्यालयात. माणूस तुझ्याकडं येतो कारण तूच त्याच्या ओळखीची, आणि तू भिडेखातर त्याच्याबरोबर तालुक्याला निघतेस. दिवस संपला. त्यापेक्षा कोणतं काम कुठं होतं आणि त्याला कागद कोणकोणते लागतात, हे ठळक अक्षरात लिहून कार्यालयाच्या भिंतीवर लावून टाक. जन्म-मृत्यूचा दाखला, नमुना 8 चा उतारा ही पंचायतीचीच कामं. पण तीही लोकसेवा हक्काच्या 2015 च्या कायद्यानं ठरलेल्या मुदतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं द्यायची असतात. तुझं काम मुदत पाळली जातेय का हे बघायचं. प्रत्येक दाखल्यामागं स्वतः धावायचं नाही. जिला खरंच लिहिता-वाचता येत नाही, जिच्या पाठीशी कोणी नाही, अशी म्हातारी आली तर मात्र तिच्याबरोबर जरूर जा. तिथं तुझ्या जाण्यानं फरक पडतो.

बांधाची आणि भावकीची भांडणं तुझ्या ओसरीवर सोडवू नकोस. त्यासाठी 2007 पासून तंटामुक्त गाव समित्या आहेत. पाण्याचा वॉल्व्ह कधी कुठला सोडायचा हे पाणीपुरवठा समितीनं ठरवावं. शाळेच्या खोलीचं शाळा व्यवस्थापन समितीनं मांडावं. या समित्या बहुतेक गावांत नुसत्या फलकावर रंगवलेल्या असतात, कारण सरपंचच सगळं करतो आणि सगळं करण्याचा मानही त्यालाच हवा असतो. तू तो मान वाटून टाक. उपसरपंच दुसऱ्या गटाचा असला तरी दिवाबत्ती आणि स्वच्छता त्याच्याकडं सोपव, मासिक सभेत त्यालाच उठून माहिती द्यायला लाव. तुझे चार तास मोकळे होतील, आणि विरोधाला विरोध करायला त्याच्याकडं रिकामा वेळही उरणार नाही.

हा सगळा वेळ कशासाठी वाचवायचा, तेही सांगते. वाचायसाठी.

सही करण्याआधी कागद वाचायला लागणारा वेळ, हा एकच वेळ असा आहे की तो तू कधीही, कितीही घाई असली तरी वाचवायचा नाही. ग्रामनिधीचं खातं तुझ्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या संयुक्त सहीनं चालतं. पैसा गेला, मागं चौकशी लागली, वसुली निघाली, तर ‘मी बघितलं नव्हतं’ हे कोणी ऐकून घेत नाही. मी अशा बायका बघितल्या आहेत, ज्यांच्या घरात कधी पंचायतीचा एक रुपया आला नाही, पण नोटीस त्यांच्या नावानं आली. कारण लग्नाच्या मांडवात, शेतात बांधावर, एसटीत चढताना त्यांच्यापुढं कागद धरला गेला आणि ‘ताई, इथं फक्त एक सही’ असं म्हटलं गेलं. माझं म्हणणं साधं आहे. सही कार्यालयात होईल, टेबलावर होईल, कागद वाचून झाल्यावर होईल. दुसरीकडं कुठंही होणार नाही. हे तू पहिल्या महिन्यातच सगळ्यांना हसतमुखानं, पण ठामपणे सांगून टाक.

आता तर सही म्हणजे नुसतं पेन राहिलेलं नाही. वित्त आयोगाचा निधी ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून ऑनलाइन जातो आणि त्याला तुझी डिजिटल सही लागते. ती ज्या डोंगलमध्ये असते तो डोंगल कितीतरी गावांत कार्यालयाच्या खणात नाहीतर ऑपरेटरकडं असतो, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून त्यालाच चिकटवलेला. याचा अर्थ तुझा अंगठा कापून त्या खणात ठेवलाय असा होतो, बाई. डोंगल तुझ्या पर्समध्ये राहील, पासवर्ड तुझ्या डोक्यात राहील. पेमेंट करायचं त्या दिवशी तू ऑपरेटरच्या शेजारी खुर्ची घेऊन बसशील आणि कुणाच्या नावावर, किती, कशाचे, हे विचारून मगच पुढं जाशील. यात अर्धा तास गेला तर जाऊ दे. तो अर्धा तास म्हणजेच सरपंचपद आहे.

वाचायचं काय, हेही आपल्याला कोणी नीट सांगत नाही. प्रशिक्षणात जाडजूड पुस्तिका देतात, ती चाळायलाही सवड मिळत नाही. मी सांगते तेवढ्यापासून सुरू कर. महिन्यातून एकदा कॅशबुक आणि बँकेचं पासबुक शेजारी-शेजारी ठेवून दोन्हीकडची शिल्लक जुळते का बघ. जुळत नसेल तर का, ते लेखी माग. बिल आलं की तीन कागद एकत्र असल्याशिवाय हात लावू नकोस: कामाचा ठराव, अंदाजपत्रक आणि अभियंत्यानं मोजमाप पुस्तकात केलेली नोंद. तिन्ही असले तरी जागेवर एक चक्कर टाक. रस्ता आपल्याच गावातला आहे, पायी दहा मिनिटांवर. प्रोसिडिंग बुकात सभेच्या शेवटच्या ठरावानंतर रिकामी जागा सोडलेली नाही ना, हे बघूनच सही कर. त्या कोऱ्या ओळींत नंतर काय लिहिलं जाईल ते तुला कळणार नाही. आणि पैसा कुठल्या खात्यातून कशावर खर्च करता येतो तेही बघ. पंधराव्या वित्त आयोगानं 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता. त्यातून कमान बांधा म्हणणाऱ्याला तू ‘बसत नाही’ असं एका वाक्यात सांगू शकलीस, की तासाभराचा वाद वाचतो. वाचलेलं असं पुढं वेळ परत देतं.

रोजच्या दिवसापेक्षा वर्ष आखायला शिक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पंचायतीचं वर्ष कधीच अचानक अंगावर येत नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत टंचाई: टँकरचा प्रस्ताव, विहीर अधिग्रहण. मार्चला घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली. पावसाच्या तोंडावर गटारं, नाले आणि विहिरीत टाकायची टीसीएल पावडर. 2 ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची गडबड. हे सगळं दरवर्षी त्याच महिन्यात येतं आणि दरवर्षी गावं त्याच महिन्यात धावपळ करतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक गोष्ट तिच्या महिनाभर आधीच्या तारखेला लिही. टँकरचा विषय जानेवारीच्या मासिक सभेत घेतलास तर मेमध्ये हंडे घेऊन बायका तुझ्या दारात उभ्या राहणार नाहीत.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव तू ऐकलंयस. पोपटराव पवार तिथं 1989 च्या सुमाराला सरपंच झाले, 2020 ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथं गावातच पाऊस मोजतात आणि पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढं मांडतात. पाणी किती आहे ते बघून कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. लोक ते गाव बघायला जातात आणि झाडं, बंधारे बघून येतात. मला तिथलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते हे, की पाण्याचं भांडण उन्हाळ्यात सोडवत बसायचं नाही, पावसाळा संपता-संपताच त्याची बैठक घ्यायची. संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटलांनी वेगळी युक्ती केली. जो घरपट्टी-पाणीपट्टी पूर्ण भरतो त्याचं दळण पंचायतीच्या गिरणीत मोफत. माणसं कर भरायला आपण होऊन यायला लागली की वसुलीसाठी दारोदार फिरण्यात जाणारे सरपंचाचे आणि शिपायाचे दिवस वाचतात. असं काही तुझ्या गावाला बसेल का, याचा विचार कर. तेच बसेल असं नाही.

ग्रामसभेबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण तिथं प्रश्न तुझ्या एकटीच्या वेळेचा राहत नाही. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. नोटीस सात दिवस आधी निघाली पाहिजे. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यांतला कमी आकडा लागतो. ती भरली नाही म्हणून सभा तहकूब, मग पुन्हा नोटीस, पुन्हा जुळवाजुळव, असा किती वेळ जातो ते तुला लवकरच कळेल. आणि ती भरत का नाही? कारण सभेची वेळ ठरवणाऱ्यांनी कधी बायकांचा दिवस मोजलेलाच नसतो. सकाळी झेंडावंदन झाल्यावर लगेच सभा म्हणजे बाईच्या भाकरी थापायच्या वेळेला. रोजंदारीवर जाणारीला तर सभा म्हणजे बुडालेली मजुरी.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. ती कागदावर उरकू नकोस. बचतगटाच्या बायकांना विचार, तुम्हाला कधी जमेल? त्या सांगतील, दुपारी दोन ते चार, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर आठला. त्या सांगतील ती वेळ धर. सभा वेळेवर सुरू कर आणि सांगितलेल्या वेळेला संपव, कारण घरी जनावरं हंबरत असतात. पहिल्या वेळेला दहा जणी येतील. पण त्या दहा जणींनी मांडलेला विषय ग्रामसभेत पहिल्या क्रमांकाला घेतलास आणि त्यावर ठराव झाला, की पुढच्या वेळेला पन्नास येतील. मग गणपूर्तीसाठी तुला कुणाच्या पाया पडावं लागणार नाही. गावातल्या बायकांचा वेळ तू राखलास तर त्या तुझ्या बाजूनं उभ्या राहतील. हे राजकारणही आहे आणि न्यायही आहे.

तालुक्याच्या फेऱ्यांचं थोडक्यात सांगते. एका कामासाठी कधी जाऊ नकोस, कामं साठव. निघायच्या आधी फोन करून साहेब जागेवर आहेत का विचार. बैठका, दौरे, निवडणुकीची ड्यूटी यांत ते कधी कुठं असतील सांगता येत नाही. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती ने आणि एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परत फिरू नकोस. तो शिक्का असला की पुढच्या वेळी ‘तुमचा अर्ज आलाच नाही’ हे ऐकायला लागत नाही.

फोन रात्री ठरावीक वेळेनंतर बाजूला ठेव. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या प्रत्येक टोमण्याला उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. महिन्यातून एकदा जमाखर्चाचा फोटो टाक, तेवढं उत्तर पुरे आहे.

शेवटी घराचं. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. सरपंचाचं मानधन 2024 साली दुप्पट झालं, तरी दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला ते महिना 6,000 रुपयेच आहे. तेवढ्यावर घरात कोणी तुझी भांडी घासायला पुढं येणार नाही. पण नवऱ्याला मदत करायची हौस असेल, आणि तुझ्या नवऱ्याला ती आहे हे मी बघितलंय, तर ती मदत घरात माग. पंचायतीत नको. ‘तुम्ही मीटिंगला जाऊन या’ असं त्याला कधी म्हणू नकोस, ‘मी मीटिंगला जाते, तुम्ही पोरांना जेवायला वाढा’ असं म्हण. सासूबाईंना हात जोडून सांग, की पाच वर्षं मला या दोन तासांची सूट द्या. त्या ऐकतील असं मला वाटतं. निवडणुकीत दारोदार तुझ्यासाठी मतं मागत त्याच फिरल्या होत्या. आणि मुलाच्या परीक्षेच्या दिवशी, सणाच्या दिवशी, अंगात ताप असेल त्या दिवशी पंचायत बंद ठेवायला लाजू नकोस. पाटीवर तसं लिही.

हे सगळं एकदम करायला जाऊ नकोस. या आठवड्यात तीनच गोष्टी कर. डोंगल खणातून काढून स्वतःकडं घे आणि पासवर्ड बदल. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी बोलून बसायचे वार ठरव, दारावर पाटी लाव. आणि पुढच्या मासिक सभेची विषयपत्रिका तयार होताना त्यांच्या समोर बस, एकेक विषय विचारून घे, मगच नोटिशीवर सही कर.